नऊ फुटी

तिच्या मुठीवर, वरच्या अंगाला, एक खळगा आहे. अंगठ्याच्या पेराएवढा लांबट, चमच्यासारखा उथळ. मूठ बुचाची. बाकी सगळीकडे ते बूच खरखरीत आहे, भाजलेल्या भाकरीसारखं बारीक काळ्या ठिपक्यांचं; खळग्यात मात्र हाताच्या तेलाने तुळतुळीत आणि गडद झालंय. हा खळगा मी पाडलेला नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा तो होताच, आणि माझा अंगठा त्यात बसत नव्हता. ज्यांचा तो होता त्यांची बोटं लांब, माझी आखूड. पहिले कित्येक महिने मूठ धरली की माझा अंगठा खळग्याच्या मागच्या काठावर टेकायचा आणि दुसऱ्याच्या चपला पायात घातल्यासारखं वाटायचं.

ती म्हणजे फ्लाय कास्टिंगची काठी. नऊ फूट लांब, चार तुकड्यांची, वजन शंभर ग्रॅमच्या आत. रंग काळा; उन्हात तिरपी धरली तरच अंगावर मोरपंखी झाक उमटते. मुठीकडे ती करंगळीएवढी जाड आहे आणि शेंड्याकडे निमुळती होत होत उदबत्तीच्या काडीएवढी उरते. अंगावर तारेच्या कड्या आहेत, दोर ओवायला. चार तुकडे एकमेकांत बसवायचे तर आधी प्रत्येक सांध्यावर मेणबत्ती चोळायची, कड्या एका रेषेत आहेत की नाहीत ते एक डोळा मिटून पाहायचं, आणि बसवताना हलका पीळ द्यायचा. यातलं काही चुकवलं तर ती लगेच काही म्हणत नाही. अर्ध्या तासाने म्हणते.

मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं बघत मोठी झाले. वेळूची काठी, दोरा, शिशाची गोळी, गांडूळ. गोळी जड आणि दोरा हलका, त्यामुळे गोळी भिरकावली की दोरा तिच्यामागून जातो. हिचा सगळा कारभार उलटा. हिच्या दोराच्या टोकाला असते ती माशी, म्हणजे आकड्यावर पीस आणि रेशीम गुंडाळून बनवलेला खोटा किडा. तळहातावर ठेवून फुंकर मारली तर उडून जाईल इतका हलका. अशी वस्तू पन्नास फुटांवर कशी फेकणार? म्हणून वजन दिलंय दोराला. दोर जाड, गुळगुळीत, प्लास्टिकचं आवरण असलेला, आणि मुठीपुढे बारीक अक्षरात लिहिलेला ५ हा आकडा त्या दोराच्या वजनाचा आहे. पाच नंबरच्या दोराचे पहिले तीस फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम. सोनाराच्या तराजूत तोळ्याला थोडं कमीच. हे एवढंसं वजन तीस फुटांवर पसरलेलं असतं, आणि हवेत ते आधी मागे आणि मग पुढे उलगडायचं, इतकंच या विद्येत शिकायचं असतं. माशी फेकायची नसते. दोर नीट उलगडला की ती आपोआप पोचते.

इतकंच शिकायला मला तीन वर्षं लागली.

२०१७ साली बँकेने माझी बदली चेन्नईला केली आणि आम्ही वेलचेरीत घर घेतलं. तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. सगळी नोकरी निलगिरीत, चहाच्या मळ्यांवर झालेली. मी त्यांना सार म्हणायची, ते मला मा. तमिळ माणसं मुलीला, सुनेला, भाजीवालीला, कुणालाही हे ‘मा’ लावतात. मराठी कानाला ते आईसारखं ऐकू येतं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. एकदा पहाटे फिरायला गेले तर जवळच्या एका शाळेच्या मागच्या मैदानावर सार एकटे उभे. पाणी नाही, तळं नाही, नुसतं दव पडलेलं गवत. त्यांच्या डोक्यावरून एक केशरी दोर मागे जात होता, हवेत आडवा सरळ होत होता, क्षणभर तसाच राहत होता आणि मग पुढे येऊन गवतावर उतरत होता. पडत नव्हता, उतरत होता. मी अर्धा तास उभी राहिले. शेवटी त्यांनी न वळता विचारलं, ‘‘घेऊन बघायचीय?’’

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या हातात आली, आणि मी जोर लावला. नवखा माणूस जोरच लावतो. मागचा सगळा दोर माझ्या मानेवर आणि पाठीवर येऊन पडला. सार काही बोलले नाहीत. त्यांनी मैदानाच्या कुंपणापलीकडे बोट केलं. ‘‘पारु मा,’’ बघ. समोरच्या घरापुढे एक बाई कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायच्या आधी अंगणात पाणी शिंपडत होती. बादलीतून ओंजळभर पाणी घ्यायचं, हात मागून पुढे आणायचा आणि मध्येच थांबवायचा. हात थांबला की पाणी बोटांतून सुटतं आणि पंख्यासारखं पसरतं. हा सडा मी हजारदा पाहिलाय. कराडच्या वाड्यात आजी शेणाचा सडा घालायची, तिचा हात असाच थांबायचा. पण पाणी हाताच्या जोराने जात नाही, हाताच्या थांबण्याने जातं, हे मला चाळिसाव्या वर्षी, परक्या गावात, परक्या बाईचा हात बघून कळलं. हात थांबलाच नाही तर पाणी स्वतःच्याच पायावर पडतं. माझा दोर तसाच माझ्या मानेवर पडला होता.

काठीचंही तेच आहे. ती हळू सुरू करायची, वेग वाढवत न्यायची आणि पक्की थांबवायची. दोराच्या वजनाने वाकलेली काठी थांबताक्षणी सरळ होते, आणि तिचं टोक ज्या दिशेला चाललेलं असतं त्या दिशेला दोर पुढे निघून जातो. त्याचं केसांच्या आकड्यासारखं वळण होतं, त्याला सगळे लूप म्हणतात. लूप अरुंद असेल तर तो वारा कापत जातो. मनगट सैल पडलं आणि टोकाने मोठा अर्धगोल काढला, की लूप दारासारखा उघडतो आणि दोर वाटेतच बसकण मारतो. मध्येच हिसका दिला तर लूपची वरची बाजू खालच्या बाजूला आडवी जाते आणि टोकाच्या बारीक दोऱ्याला गाठ पडते. या गाठीला शिकणारे वाऱ्याची गाठ म्हणतात. सारांना तो शब्द खपायचा नाही. वाऱ्याने कधी गाठ मारलेली मी पाहिली नाही, असं ते म्हणायचे, आणि सुईने ती गाठ सोडवायला मला गवतात बसवायचे.

मला सगळ्यात जड गेलं ते मागचं. पुढची फेक डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष. पण दोर आधी पाठीमागे पूर्ण उलगडायला हवा, तो ताठ झाला तरच पुढे न्यायला काठीला काहीतरी वजन मिळतं. आणि पाठीमागे डोळे नसतात. तिथे थांबावं लागतं, किती ते घड्याळ सांगू शकत नाही, कारण दोर जितका बाहेर असेल तितकं जास्त थांबायचं. सार माझ्या डाव्या खांद्यामागे उभे राहायचे आणि प्रत्येक मागच्या फेकीला एकच शब्द म्हणायचे: ‘‘इरु.’’ थांब. लगेच नाही, दोर निघाल्यावर. ‘‘इरुऽऽ मा.’’ त्या रुकारावर ते रेंगाळायचे तेवढ्या वेळात दोर माझ्या मागे सरळ होत असे. पुढे जाण्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता. इरु संपलं की जायचं.

घाई केली तर काय होतं तेही तिने मला ऐकवलं. दोर मागे पुरता उलगडायच्या आत मी हात पुढे आणला की पाठीमागे फट्ट असा आवाज व्हायचा. तो आवाज मला ओळखीचा होता. आमच्या गल्लीत पोतराज यायचा, डोक्यावर मरीआईचा गाडा घेतलेली बायको आणि हातात आसूड. आसूड हवेत वाजवायचा तर वळण पूर्ण व्हायच्या आत हात उलटा फिरवावा लागतो. पोतराजाला तो आवाज हवा असतो. इथे तो झाला की समजायचं टोकाची माशी तुटून गेली. म्हणून शिकताना माशी बांधतच नाहीत. सार केशरी लोकरीचा नखाएवढा तुकडा बांधायचे. आकडा नाही, त्यामुळे कुणाच्या कानात जायची भीती नाही, आणि गवतावर तो दिसतो. पहिल्या पावसाळ्यात मी असे किती तुकडे हरवले त्याची मोजदाद नाही. मैदानावर क्रिकेट खेळायला येणारी पोरं ते गोळा करून आणून द्यायची.

कोपर अंगापासून सुटू नये म्हणून काखेत पुस्तक धरायची जुनी युक्ती आहे. मी दिवाळी अंक धरायची. जाडीला तो बरोबर होतो. मनगट दुमडू नये म्हणून काठीचं बूड शर्टाच्या बाहीत खोचायचं. हे सगळं शिकवून झालं तरी हात एक दिवस ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी ऐकत नाही. लहानपणी मामा मला ज्वारीच्या माळ्यावर उभं करून गोफण शिकवायचा, तेव्हाही असंच व्हायचं. दोरी कधी सोडायची ते मामाला माहीत होतं पण त्याला ते सांगता येत नव्हतं. सांगता न येणाऱ्या या जागेपाशीच ही काठी उभी राहते आणि पुढचं ती स्वतः शिकवते. वाकली किती, सरळ कधी झाली, हे मुठीतून अंगठ्याला कळतं. ती माणसाचं काही लपवून ठेवत नाही. बँकेत ज्या दिवशी काही बिनसलेलं असे त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझा प्रत्येक लूप फाटलेला असायचा. मी सारांना काही सांगितलेलं नसायचं. ते म्हणायचे, ‘‘आज नुसती दहा मिनिटं. मग कॉफी.’’

काठीचं घराणंही मला कॉफीवरच कळलं. वाटतं ही साहेबाची वस्तू, स्कॉटलंडच्या नद्यांवरची. आहेच. पण मद्रासशी तिचं नातं जुनं आहे. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं ते १८७३ साली, आणि पुढे पन्नासेक वर्षं हिंदुस्थानात काठी धरणारा प्रत्येक गोरा माणूस ते उशाशी ठेवत असे. निलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट मासा आणायचे प्रयत्न १८६० च्या दशकात मद्रास सरकारच्या सेवेतल्या फ्रान्सिस डे याच्यापासून सुरू झाले आणि बराच काळ फसत राहिले. ते जमवलं एच. सी. विल्सन याने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. उटीजवळ अव्हलांचला १९०७ साली अंडी उबवायचं केंद्र उभं राहिलं. सार पोरवयात त्या ओढ्यांवर मळ्याच्या मॅनेजरसाहेबांची काठी वाहून न्यायचे. साहेब गेला तेव्हा काठी त्यांना देऊन गेला.

ती बांबूची होती. वेळूच्या सहा लांब कामट्या, प्रत्येकीचा छेद त्रिकोणी, अशा तासायच्या की एकत्र चिकटवल्यावर षट्कोनी, आतून भरीव काठी तयार व्हावी. हे काम केसाएवढ्या फरकाने बिघडतं. यासाठी नंतर चीनमधून टोंकिन वेळू जायला लागला, पण त्याआधी विलायतेत आणि अमेरिकेत उत्तमातल्या उत्तम काठ्या ज्याच्या बनत त्याला ते कलकत्ता केन म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढायचा. हा वेळू म्हणजे आपला मानवेल. ज्याच्या लाठ्या होतात, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात ज्याच्या राया आहेत तोच. माशीचंही तसंच. विलायती सालमन माशांसाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या माश्यांना डोळे लावायचे ते आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांचे. त्या पिसांवर मेणाचा थेंब सांडल्यासारखे पिवळट ठिपके असतात. त्यापायी पुष्कळ पक्षी मारले गेले. १९०२ मध्ये सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. आज त्या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मला विचाराल तर साध्या गावठी कोंबड्याच्या पिसाने भागत असताना त्याच्या मानेकडे बघायचंही कारण नाही. सारांच्या जुन्या पत्र्याच्या डबीत तसल्या दोन माश्या होत्या. ते त्या कधी पाण्यात टाकत नसत.

ती बांबूची काठी मी पाहिली नाही. मी यायच्या दोन वर्षं आधी, २०१५ च्या डिसेंबरात, वेलचेरीच्या रस्त्यांवरून होड्या फिरल्या. हे गाव मुळात पाण्याचं. एका अंगाला तलाव, जो आता आकसत आकसत वस्तीच्या आणि सांडपाण्याच्या कात्रीत सापडलाय, आणि दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल, जिला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. पावसाचं पाणी पूर्वी जिथे पसरायचं तिथे आता इमारती आहेत, आमचीही त्यातलीच. तळमजल्यावर छातीएवढं पाणी चढलं. सार गच्चीवर होते. चार दिवसांनी खाली आले तेव्हा काठी ठेवायची नळी कपाटाच्या खणात उभी होती, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेली. जुन्या काठ्या जनावरांच्या सरसाने चिकटवत. पाणी लागलं की तो सरस विरघळतो. त्यांनी नळी उलटी केली तर आतून साऱ्या कामट्या वेगवेगळ्या बाहेर आल्या. त्यातली एक त्यांनी जपून ठेवली होती. मला दाखवली, पिवळसर, एका कडेवर अजून रेशमाच्या गुंडाळीचा लाल डाग. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘वाकवून बघ.’’ मी वाकवली. एकटी कामटीसुद्धा सरळ झाली.

आमच्याकडे दंडीश्वरराचं देऊळ आहे, चोळांच्या काळातले शिलालेख असलेलं. तिथली कथा अशी की मार्कंडेयाच्या प्रकरणात यमाचा दंड गेला, आणि तो परत मिळावा म्हणून यमाने या वेलचेरीत शंकराची आराधना केली. दंड मिळाला, म्हणून देव दंडीश्वरर. पुरानंतर सार रोज त्या देवळात जायचे. काठी मागायला नव्हे, ते म्हणाले, सवयीने. पण पुढच्याच वर्षी उटीच्या एका जुन्या मित्राने आपली काठी पाठवली. त्याचे डोळे गेले होते. तीच ही नऊ फुटी, कार्बनची, न विरघळणारी. म्हणजे खळगा सारांचाही नाही, हे मला तेव्हा कळलं. निदान सुरुवात त्यांची नाही. आधी त्या मित्राचा अंगठा, मग यांचा.

२०२० च्या टाळेबंदीत मैदान बंद झालं. आम्ही मोट्टै माडीवर गेलो, म्हणजे गच्चीवर. तिथे वीस फुटांपलीकडे दोर सोडता येत नाही, टाक्या, डिश, वाळत घातलेले कपडे. एका बाजूला विजेच्या तारा होत्या, त्या अंगाला सारांनी खडूने रेघ मारून ठेवली होती. कार्बन विजेचा वाहक आहे, ओली काठी तारेला लागली तर माणूस जागेवर जाईल. त्या रेघेच्या बाबतीत ते आवाज चढवून बोलायचे, एरवी कधीच नाही. पण त्या वीस फुटांनी माझा हात सुधारला. लांब फेकायचा मोहच उरला नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, चेन्नई उन्हाळ्यात त्याचीच वाट बघत जगते, आणि तो आला की सार मला वाऱ्याकडे तोंड करून उभं करायचे, मग पाठ करून, मग उजवा खांदा वाऱ्याला देऊन. वारा मागून असेल तर मागची फेक खाली बसते, पुढून असेल तर पुढची. काठी तीच, हात तोच, फक्त जोर कुठे आणि थांबणं कुठे याचा हिशेब बदलायचा. रोज वीस मिनिटं. त्याहून जास्त केलं तर हात चुकाच पाठ करतो.

जोन वुल्फचं पुस्तक सारांनी मला त्या दिवसांत वाचायला दिलं. १९५१ मध्ये या बाईंनी दूर फेकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागे टाकलं होतं, आणि १९७९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यात फेक शिकवायची शाळा काढली. जोर आणि वेळ यांतला फरक त्यांनी एका बाईच्या अंगाने मांडलाय, दंडाच्या ताकदीवर विसंबून नाही. मला त्या पुस्तकाचा फार आधार वाटला.

मग २०२२ मध्ये बहिणीकडे कॅलिफोर्नियाला गेले. काठी बरोबर नेली, नळीसकट. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८ सालचे सिमेंटचे तलाव आहेत, निलगिरीच्या झाडांच्या मध्ये. पाणी आहे, मासा एकही नाही. तिथे फक्त फेक शिकतात. पाण्यावर कड्या तरंगतात, त्यांवर नेम धरायचा. क्लबचे जुने सभासद नवख्यांच्या शेजारी उभे राहून सांगतात. सत्तरीच्या एका बाईंनी माझ्या चार-पाच फेकी पाहिल्या आणि विचारलं, मागे तुझे ओठ का हलतात? मी इरु म्हणत होते. मोठ्याने म्हणत असेन हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना अर्थ सांगितला. त्यांनी शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि मग शेजारच्या एका चिडलेल्या तरुणाला जाऊन शिकवला. परत आल्यावर मी हे सारांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मासा धरायची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात माझं कर्तृत्व थोडंच आहे. चेंगलपट्टूकडे सारांच्या भाच्याचं शेत आहे, शेतात तळं, तळ्यात तिलापिया. तमिळमध्ये या माशाला जिलेबी म्हणतात. मी माशी बांधली, आकड्यासकट. एक शांत फेक, दोर उतरला, पाण्यावर एक वर्तुळ उठलं. पुढचं सगळं काठीने केलं. ती मुठीपर्यंत वाकली, आणि मला त्या क्षणी कळलं की इतकी वर्षं रिकाम्या गवतावर ती माझ्या हातात निम्मीच जागी होती. तळहाताएवढा मासा होता. भाच्याच्या बायकोने तो तळून सारांना वाढला.

२०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळ आलं, तळमजल्यात पुन्हा पाणी शिरलं. सारांचा मुलगा त्यांना कोइम्बतूरला घेऊन गेला. आता पंचाऐंशीच्या वयात दर पावसाळ्याला गच्चीवर चढवायचं कोणी, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. जाताना त्यांनी नळी माझ्या दारात आणून ठेवली. त्यांचा उजवा खांदा त्याआधीच वर जायचा बंद झाला होता. बुचाची मूठ पाण्याने फुगून दोन ठिकाणी चिरली होती. मी ती एका जाणत्या सुताराकडे नेली. त्याने बुचाची भुकटी गोंदात कालवून चिरा भरल्या, बारीक पॉलिश कागद फिरवला. मग अंगठा खळग्यावर ठेवून त्याने मला तमिळमध्ये विचारलं, हाही भरू का? नको, म्हटलं. चिरा भरल्याचे डाग अजून फिकट दिसतात. माझा अंगठा आता खळग्याच्या मध्यावर बसतो. मागच्या काठावरचं बूच मीच झिजवलं असणार.

रविवारी सकाळी मी मैदानावरून सारांना फोन लावते. फोन स्पीकरवर टाकून गवतात, रुमालावर ठेवते, आणि काहीही न बोलता वीस मिनिटं दोर फिरवते. ते तिकडे कॉफी घेत ऐकतात. दोराचा एक सूऽऽ असा आवाज असतो, कड्यांतून सरकतानाचा वेगळा, हवेतला वेगळा. कधी म्हणतात, वारा फिरला वाटतं. कधी काहीच म्हणत नाहीत. गेल्या रविवारी मी खूश होते, लूप एकामागून एक अरुंद जात होते, लोकर पुन्हापुन्हा एकाच पिवळ्या फुलाजवळ उतरत होती. फोनमधून काहीच येईना. मला वाटलं लाइन गेली.

‘‘सार?’’

‘‘इरु मा,’’ ते म्हणाले. ‘‘अजून एक टाक.’’

मी टाकली.

‘‘टिक् वाजतंय. तिसरा सांधा सुटलाय. मेण लावलं नाहीस ना आज?’’

मी काठी आडवी केली. तिसऱ्या सांध्याजवळच्या कड्या बोटभर फिरल्या होत्या. मेणबत्ती घरीच राहिली होती.